अर्ज माझा, हिशेब दोघांचा

कर्ज जवळजवळ सगळं माझ्या एकटीच्या नावावर होतं. २०२२ मध्ये झालेली शस्त्रक्रिया, नंतरची गुंतागुंत, वर्षभराहून जास्त काळ बंद राहिलेला माझा पगार आणि त्या काळात माझ्या क्रेडिट कार्डांवर चाललेलं अर्धं घर, असं सगळं मिळून आकडा ४६,००० डॉलरच्या आसपास गेला होता. मी अर्धवेळ नोकरी धरली तरी भरलेले पैसे व्याजातच जिरायचे, मुद्दल जागचं हलत नव्हतं. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहतो: मी, नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. नवऱ्याची नोकरी बरी, त्याच्या नावावरची देणी किरकोळ. त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं की बँकरप्सीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज मी एकटीने करायचा आणि त्याला यातून बाहेर ठेवायचं.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत मागितलेल्या कागदांच्या यादीत माझ्या पगाराच्या स्लिपांच्या खालोखाल त्याच्या स्लिपा होत्या. सहा महिन्यांच्या, एकही न गाळता. मी म्हटलं, अर्ज तर तो करतच नाहीये. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की अर्जात त्याचं नाव नसलं तरी त्याचं उत्पन्न असणार आहे, कारण तुम्ही एका घरात राहता.

हे असं का, ते थोडं समजावून सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना याची कल्पना नसते. अमेरिकेत व्यक्तिगत बँकरप्सीचे नेहमीचे दोन मार्ग आहेत. चॅप्टर सेव्हनमध्ये बहुतेक विनातारण देणी काही महिन्यांत माफ होतात. चॅप्टर थर्टीनमध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरावे लागतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा बदलला आणि चॅप्टर सेव्हनच्या दारात मीन्स टेस्ट नावाची, उत्पन्न तपासणारी चाळणी बसवली. ज्यांची देणी मुख्यतः घरगुती स्वरूपाची आहेत त्यांना ती लागू होते. देणी मुख्यतः धंद्याची असतील तर ही चाचणी द्यावीच लागत नाही. माझी देणी दवाखान्याची आणि किराण्याची. म्हणजे मला चाळणीतून जायचंच होतं.

चाचणीच्या पहिल्या फॉर्मवर दोन रकाने असतात. पहिला अर्ज करणाऱ्याचा, दुसरा जोडीदाराचा. ज्या महिन्यात अर्ज दाखल होतो त्याच्या आधीच्या सहा पूर्ण महिन्यांत दोघांच्या हाती आलेलं ढोबळ उत्पन्न, म्हणजे कर कापण्याआधीचं, तिथे लिहायचं आणि त्याची महिन्याची सरासरी काढायची. ती बाराने गुणायची आणि आपल्या राज्यात तेवढ्या माणसांच्या कुटुंबाचं जे मध्यम उत्पन्न ठरवून दिलेलं आहे त्याच्याशी ताडून पाहायची. त्या रेषेच्या खाली असलात तर गणित तिथेच संपतं.

माझी सरासरी २,९०० डॉलर, त्याची ९,८००. वर्षाचे १,५२,४०० डॉलर. तीन माणसांच्या घरासाठी ही रक्कम रेषेच्या स्पष्ट वर होती. मी एकटी असते तर रेषेच्या कितीतरी खाली राहिले असते. त्या संध्याकाळी नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तुझं कर्ज माझ्या पगारातून फेडायचं, असंच म्हणतायत ना ते?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. चॅप्टर थर्टीन झालं असतं तर आमच्यासारख्या रेषेच्या वरच्या घराला पाच वर्षांची योजना लागली असती आणि तिचे हप्ते प्रत्यक्षात त्याच्याच पगारातून गेले असते, हे तर खरंच होतं.

याच सुमारास एका परिचितांनी सुचवलं की नवऱ्याचा पत्ता काही महिने मित्राच्या घरी दाखवा, म्हणजे दुसरा रकाना भरावाच लागणार नाही. वेगळं राहणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न तिथे लिहावं लागत नाही, हे बरोबर आहे. पण त्या चौकोनात खूण करताना शपथेवर सांगावं लागतं की आम्ही एकतर कायद्याने विभक्त आहोत, किंवा वेगळे राहण्याचं कारण मीन्स टेस्ट चुकवणं हे नाही. फॉर्मवर ते जवळजवळ याच शब्दांत छापलेलं आहे. खोट्या माहितीसाठी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास, हेही अर्जावर लिहिलेलं असतं. असे सल्ले देणारे आपलेच असतात आणि काळजीपोटी देतात. पण मला मनापासून वाटतं की बँकरप्सीत सगळ्यात जास्त नुकसान अशा काळजीने होतं. कर्जबाजारी असणं हा गुन्हा नाही. शपथेवर खोटं बोलणं मात्र गुन्हा आहे.

खरी वाट दुसऱ्या फॉर्मवर होती. उत्पन्न रेषेच्या वर गेलं की हा लांबलचक फॉर्म भरावा लागतो आणि त्याच्या तिसऱ्याच ओळीवर जोडीदाराच्या उत्पन्नातली वजावट येते. जोडीदाराच्या पगारातला जो भाग माझ्या किंवा माझ्यावर अवलंबून असलेल्यांच्या घरखर्चासाठी नियमित वापरला जात नाही, तो इथे वजा करता येतो. फॉर्म स्वतःच उदाहरणं देतो: जोडीदार स्वतःची जुनी करबाकी फेडत असेल, किंवा या घराबाहेरच्या कुणाला पोसत असेल.

ही ओळ वकीलबाईंनी समजावली तेव्हा मला पहिल्यांदा सगळ्याचा अर्थ लागला. नवऱ्याचा पगार माझा आहे असं कायदा म्हणतच नाही. त्याच्या पगारातलं किती या घराच्या ताटात पडतं, एवढंच तो विचारतो. आणि त्याचं उत्तर बँकेच्या स्टेटमेंटनीच द्यायचं असतं.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर त्याचे सहा महिन्यांचे कागद पसरले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या खात्यातली एक न एक ओळ मी तोवर कधी वाचली नव्हती. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ६४० डॉलर. लग्नाआधीपासूनच्या, फक्त त्याच्या नावावरच्या कार्डाचे ३१० डॉलर. आणि साताऱ्याला आईबाबांना पाठवलेले पैसे. ते तो पाठवतो हे मला ठाऊकच होतं, पण बाबांच्या डायलिसिसचं वाढतं बिल आणि दिवसभर येणाऱ्या बाईंचा पगार धरून आकडा ६०० डॉलरपर्यंत गेला आहे, हे मी त्या टेबलावर पाहिलं. मी आजारी असताना त्याने हे मला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पाठवलेले पैसे वजा करायचे म्हणजे त्यांचं कारण फॉर्मवर लिहायचं. कोणासाठी, कशासाठी, किती. कोर्टाची कागदपत्रं सार्वजनिक असतात. इथे तो अडला. स्वतःचा पगार दाखवायला तो तयार झाला होता, पण बाबांच्या आजाराचा खर्च माझ्या बँकरप्सीच्या फाइलमध्ये जाणार, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. "त्यांनी कधी कुणासमोर हात पसरले नाहीत गं," एवढंच तो म्हणाला. मी त्याला समजावायला गेले नाही. दोन दिवसांनी त्यानेच सगळ्या पावत्या एका फोल्डरमध्ये क्रमाने लावून दिल्या. वकीलबाईंनी नाव किंवा आजार न लिहिता "घराबाहेरच्या वृद्ध आईवडिलांचा सांभाळ" एवढंच लिहिलं आणि ते पुरेसं ठरलं.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण तिने आमची वजावट बदलली. त्या सहा महिन्यांपैकी एका महिन्यात त्याने पैसे पाठवलेच नव्हते. दिरांनी तिकडचं तिकडे भागवलं होतं. त्यामुळे ६०० लिहिता आले नाहीत. पाच महिन्यांचे ३,००० डॉलर सहाने भागून ५०० लिहिले. ६४०, ३१० आणि ५०० मिळून १,४५० डॉलर महिना. फोर-ओ-वन-केमध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यात, तो स्वखुशीने टाकत असलेले पैसेही वजा करावेत असं मला वाटत होतं, पण ऐच्छिक कपात धरू नये असं याच फॉर्मवर पुढे कपातीच्या ओळीत म्हटलेलं आहे. वकीलबाईंनी तो वाद अंगावर घ्यायचा नाही असं ठरवलं. मला ते पटलं. जे निर्विवाद आहे तेवढंच मागावं.

बाकीचा फॉर्म खर्चाचा. तिथेही आपलं खरं बिल दर वेळी चालत नाही. जेवणखाण, कपडे, घर, गाडी यांसाठी आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, ठरवलेले आकडे असतात, काही देशभराचे, काही काउंटीनुसार, म्हणजे जिल्ह्यानुसार. आमचं भाडं काउंटीच्या आकड्यापेक्षा जास्त होतं. वरचा फरक कुणी विचारात घेतला नाही.

तारखेचा मुद्दा मात्र मोलाचा होता. नवऱ्याला मार्चमध्ये ६,००० डॉलर बोनस मिळतो. मी सप्टेंबर २०२४ मध्येच अर्ज करायला निघाले होते. तेव्हा मागचे सहा महिने म्हणजे मार्च ते ऑगस्ट, आणि बोनस बरोब्बर आत. एका बोनसने महिन्याची सरासरी हजार डॉलरनी वर गेली असती. वकीलबाईंनी ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं, म्हणजे खिडकी एप्रिल ते सप्टेंबर झाली. त्याला दर दोन आठवड्यांनी पगार होतो, त्यामुळे या सहा महिन्यांत तेरा पगार आले. ते तेराही धरले, कारण प्रत्यक्ष किती मिळालं तेच मोजतात. बोनस मात्र लपवला नाही. चालू उत्पन्नाच्या वेगळ्या परिशिष्टात येत्या वर्षभरात काही वाढ-घट अपेक्षित आहे का, असा सरळ प्रश्न असतो. तिथे तो लिहिला. त्याच्या जोडीच्या खर्चाच्या परिशिष्टात त्याचे हप्ते आणि साताऱ्याचे पैसेही आले, म्हणजे सगळे कागद एकच गोष्ट सांगत होते.

शेवटी सगळं वजा जाता महिन्याला ९६ डॉलर उरले. कायदा ही शिल्लक साठ महिन्यांची मोजतो: ५,७६० डॉलर. त्या काळातली खालची मर्यादा ९,०७५ डॉलर होती. शिल्लक त्याच्या खाली असेल तर अर्जदार कायद्याचा गैरफायदा घेतोय असं गृहीत धरत नाहीत. त्या १,४५० डॉलरची वजावट नसती तर शिल्लक ९२,००० डॉलरच्या वर गेली असती आणि चॅप्टर सेव्हनचं दार माझ्यापुरतं बंद झालं असतं. तिसऱ्या ओळीवरच्या तीन नोंदी आणि त्यांच्या पावत्या, एवढ्यावर आमची पुढची पाच वर्षं टांगलेली होती.

दोघांनी मिळून अर्ज का केला नाही, असं मला नंतर अनेकींनी विचारलं. तो प्रश्न आम्हीही सोडवला होता. नवराबायकोला एकत्र अर्ज करता येतो. कोर्टाची फी तीच एक, ३३८ डॉलर. आणि एका छताखाली राहत असाल तर जोडीदाराचं उत्पन्न एकट्याच्या अर्जातही मोजलं जातंच. म्हणून माझं ठाम मत आहे की एकटीने की दोघांनी, हे पगार बघून ठरवू नये, देणी बघून ठरवावं. नवऱ्याची देणी तो सहज फेडू शकत होता. त्याचा क्रेडिट रिपोर्ट स्वच्छ राहिला तर पुढचं भाड्याचं घर आणि गाडी त्याच्या नावावर घेता येणार होती. माझ्या रिपोर्टवर ही नोंद दहा वर्षं राहू शकते, त्याच्यावर येत नाही. शिवाय चॅप्टर सेव्हन एकदा वापरलं की त्यातून पुन्हा माफी मिळायला आठ वर्षं थांबावं लागतं. उद्या कुणावर काय वेळ येईल सांगता येत नाही. त्याचा तो हक्क राखून ठेवलेला बरा, असं आम्हाला वाटलं.

याच्या उलट बाजूही त्याला पहिल्याच दिवशी सांगितल्या, तेही वकीलबाईंच्या समोर. माझ्या दोन कार्डांवर तो फक्त वापरायची मुभा असलेला होता, त्यांची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. पण एक कार्ड आम्ही मिळून काढलेलं, तिथे तो माझ्याइतकाच देणेकरी. माझी सुटका झाली तरी त्या कार्डाची पूर्ण बाकी त्याच्याकडे राहणार. चॅप्टर थर्टीनमध्ये सहदेणेकऱ्याला काही काळ संरक्षण मिळतं, सेव्हनमध्ये नाही. दुसरं, हॉस्पिटलचं थेट बिल. मोठा भाग मी कार्डांनी भरून टाकला होता, पण ३,८०० डॉलर हॉस्पिटललाच देणं होतं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या एका निकालानुसार जोडीदाराच्या आवश्यक औषधोपचाराच्या खर्चाची जबाबदारी दुसऱ्या जोडीदारावर येऊ शकते, आधी उपचार घेणाऱ्याच्या मालमत्तेकडे पाहिल्यानंतर. सही नसली तरी. हे ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं.

आणि हे राज्याराज्यात बदलतं. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई साधारणपणे दोघांची सामाईक समजतात. तिथे एकट्याने अर्ज केला तरी ही सामाईक मालमत्ता बऱ्याच अंशी ट्रस्टीच्या, म्हणजे अर्जदाराची मालमत्ता तपासायला नेमलेल्या माणसाच्या, हिशेबात येते. टेक्ससमधल्या माझ्या मावसबहिणीने माझा फॉर्म बघून स्वतःचा भरू नये, हे मी तिला बजावून सांगितलं आहे.

मालमत्तेचं थोडक्यात सांगते. जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते. मंगळसूत्र, पाटल्या, आजीची बोरमाळ, सगळं माझं, म्हणून सगळं यादीत. आज विकलं तर काय येईल ती किंमत लिहायची. ठरावीक किमतीपर्यंतची मालमत्ता कायदा अर्जदाराकडेच राहू देतो; सुदैवाने सगळं त्या सवलतींच्या मर्यादेत बसलं आणि काहीही द्यावं लागलं नाही. माहेरच्या वडिलोपार्जित शेतात मुलगी म्हणून माझा हक्क लागतो की नाही, तेही वकीलबाईंना सांगितलं आणि सातबारा मागवून त्याची नोंद केली. सातबाऱ्यावर माझं नाव नाही म्हणून गप्प बसणं मला धोक्याचं वाटलं. सासरचं लॉकरमधलं सोनं माझं नाही, सासूबाईंचं आहे. ते यादीत नव्हतं, पण विचारलं असतं तर तसं सांगायची तयारी होती.

अर्ज दाखल झाला त्याच दिवशी वसुलीला कायद्याने स्थगिती लागली आणि आठवड्याभरात फोन थांबले. त्याआधी एक समुपदेशनाचा कोर्स करावा लागतो, नंतर एक आर्थिक शिक्षणाचा. दोन्ही ऑनलाइन झाले. ट्रस्टींसमोरची सभा नोव्हेंबरमध्ये झूमवर होती. शपथ, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड, मग प्रश्न. अर्ज स्वतः वाचून सही केली का, सगळी मालमत्ता दाखवली का, कुणाला मोठी रक्कम परत केली का. आणि मग: तुमचे पती तुमच्याबरोबर राहतात का, त्यांचं सगळं उत्पन्न यात आहे का. दोन्हींना हो म्हणताना माझा आवाज कापला नाही, कारण त्यातली एकूण एक ओळ मी स्वतः तपासली होती. नवऱ्याला सभेला हजर राहणं बंधनकारक नव्हतं. तो शेजारच्या खोलीत थांबला होता.

नंतर युनायटेड स्टेट्स ट्रस्टीच्या कार्यालयाकडून पत्र आलं. हे न्याय खात्याचे लोक, मीन्स टेस्ट तेच तपासतात. तिसऱ्या ओळीवरच्या तिन्ही नोंदींचे पुरावे मागितले होते. नवऱ्याने लावलेलं फोल्डर जसंच्या तसं पाठवलं. पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, त्याच्या खात्यातून ते गेल्याच्या नोंदी, कर्जाच्या हप्त्यांची स्टेटमेंट. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. जे कुणी या वाटेने जाणार असतील त्यांना एवढंच सांगेन की जोडीदाराला पहिल्या भेटीलाच बरोबर न्या आणि घराबाहेर जाणारे पैसे रोखीने किंवा कुणाच्या हाती न पाठवता बँकेतूनच पाठवा. हातावर दिलेल्या पैशांना पावती नसते, मग ते कितीही खरे असोत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये देणी माफ झाल्याचा आदेश आला. सामाईक कार्डाची बाकी नवरा दर महिन्याला भरतोय. हॉस्पिटलच्या ३,८०० डॉलरसाठी वसुली कंपनीचं पत्र अपेक्षेप्रमाणे त्याच्या नावाने आलं. त्याने वकीलबाईंना विचारून थेट हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाशी बोलणी केली, रक्कम थोडी कमी करून घेतली आणि बिनव्याजी हप्ते बांधून घेतले. ते हप्ते आता माझ्या पगारातून जातात. तसं करायला मला कुणी सांगितलेलं नाही.